घर स्विंडनला, काळजी फोंड्यात

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये स्विंडनला असतात. दीड वर्षापूर्वी त्यांनी तिथे एक जुने घर विकत घेतले. यंदा धाकट्या मुलाचे लग्न आणि त्यामागोमाग माघातली जत्रा असल्यामुळे दोघेही डिसेंबरअखेर गोव्यात येऊन पाच आठवडे राहणार आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याच गल्लीतल्या एका बंद घरात पाण्याचा पाईप फुटून वरच्या खोलीचे छत खाली आले, तेव्हापासून दोघांत वाद चालू आहे. मुलगी म्हणते, घरात माणूस नसताना गॅस कशाला जाळायचा, सगळे बंद करून येऊ. पाईपांना फोम गुंडाळलेलाच आहे. जावई म्हणतात, हीटिंग चालू ठेवूनच निघायचे. मी निवृत्त शिक्षक. आमच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी एप्रिलच्या दुपारी हात पोळेल इतके तापते, यापलीकडे पाईपांविषयी मला काही ठाऊक नाही. दोघेही फोनवर माझे मत विचारतात. काय सांगावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर :

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. पारा पंधराच्या आसपास उतरला की आपल्याकडे त्याची बातमी होते आणि लोक कपाटातून स्वेटर काढतात, तेव्हा नळाचे पाणी गोठण्याचा प्रश्न फोंड्यात बसून सोडवणे अवघड वाटणे साहजिक आहे. परंतु नोकरीनिमित्त माझे सहा हिवाळे इंग्लंडच्या उत्तर भागात गेले आणि त्यांत डिसेंबर २०१० होता, म्हणजे त्या देशात शंभर वर्षांत पडला नव्हता इतका गार डिसेंबर. त्यामुळे या विषयावर मी केवळ वाचून लिहीत नाही.

माझा निवाडा आधी सांगून टाकतो. जावयांचे म्हणणे बरोबर आहे, पण अर्धेच. हीटिंग मंद चालू ठेवावे हे खरे. मात्र त्याबरोबर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामे करणे त्याहून महत्त्वाचे आहे, आणि ते दोघांच्याही बोलण्यात आलेले दिसत नाही. मुलीचे म्हणणे खर्चापुरते रास्त आहे, त्याचा हिशेब पुढे येईल.

प्रथम पाईप फुटतो कसा ते पाहू, कारण याबाबतीत पुष्कळांची समजूत चुकीची असते. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते, हे आपण वर्गात अनेकदा शिकवले असेल. काठोकाठ भरून बूच लावलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये तडकते ती त्यामुळेच. तेव्हा बर्फ जिथे होतो तिथेच पाईप फुटत असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बर्फ पाईपच्या आतल्या भिंतीला धरून वाढत जातो आणि एखाद्या जागी पाईप पूर्ण तुंबवतो. त्या बुचाच्या एका बाजूला रस्त्यावरून येणारी मुख्य वाहिनी असते, तिकडचे पाणी मागे सरकू शकते. दुसऱ्या बाजूला असतो बंद नळ. बर्फ वाढत राहिला की बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याला जायला जागा उरत नाही, त्याचा दाब भलताच चढतो, आणि मग तांबे जिथे दुबळे असेल तिथे फाटते. ती जागा बर्फापासून हातभर दूरही असू शकते, किंबहुना तिथे बर्फ नसेलही. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली की पुढचे सगळे उपाय आपोआप पटतात, कारण पाईपात पाणी कोंडलेलेच नसेल तर दाब येणार कुठून?

मी राहत होतो त्या भाड्याच्या घरात हेच घडले. पोटमाळ्यावरून पंधरा मिलिमीटरचा तांब्याचा पाईप न्हाणीघराकडे जात होता आणि त्याला करड्या फोमची नळी व्यवस्थित चढवलेली होती. फक्त जिथे पाईप काटकोनात वळत होता, तिथला बोटभर कोपरा काम करणाऱ्याने उघडाच सोडला होता. छपराच्या वळचणीच्या फटीतून येणारा वारा नेमका त्याच कोपऱ्यावर बसे. दहा दिवस काहीच झाले नाही. नळाला पाणी येईना, एवढीच काय ती तक्रार. अकराव्या दिवशी हवा जरा उबदार झाली, आम्ही आनंदाने बाहेर फिरायला गेलो, आणि परत आलो तेव्हा झोपायच्या खोलीच्या छतावर घावनाएवढा ओला डाग पडून त्याच्या मधोमध थेंब धरला होता. प्लंबरने वर चढून तो तुकडा कापून माझ्या हातात दिला. वाटाण्याची शेंग अंगठ्याने दाबून उघडावी तसे तांबे लांबीला फाटले होते आणि चिरेचे ओठ बाहेर वळलेले होते. फाटलेली जागा कोपऱ्यापासून चांगली वीतभर पुढे, फोमच्या आत होती.

या प्रसंगातली दहा दिवसांची शांतता फार फसवी असते. पाईप थंडीत फाटतो, पण बर्फाचे बूच जागेवर असेपर्यंत पाणी बाहेर पडत नाही; बूच वितळले की मगच धार सुटते. उत्तर आयर्लंडमध्ये २०१० च्या नाताळानंतर बर्फ वितळू लागला तेव्हा असंख्य फुटलेल्या पाईपांतून, त्यांत सुट्टीमुळे बंद असलेल्या इमारतींतूनही, इतके पाणी वाहून गेले की जलाशय खाली गेले आणि हजारो घरांना कित्येक दिवस नळाचे पाणी मिळाले नाही. बंद घराचा धोका आहे तो हाच. घरात माणूस असता तर त्याने पहिल्या पाच मिनिटांत व्हॉल्व्ह फिरवला असता. चिरेतून मिनिटाला पाच लिटर पाणी जाते असे धरले, तर तासाला तीनशे आणि दिवसाला सात हजार दोनशे लिटर होतात. आपल्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल, तशा सात टाक्या रोज त्या घराच्या लाकडी मजल्यावर ओतल्यासारखे ते होईल, आणि आपली माणसे इकडे लग्नाच्या पंगतीत बसलेली असतील.

आता फोमविषयी, कारण मुलीची सगळी भिस्त त्यावर दिसते. फोम म्हणजे पाईपाची गोधडी. गोधडी स्वतः ऊब देत नाही, अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. अंगच गार पडले असेल तर दहा गोधड्या घातल्या तरी उपयोग नाही. ज्या घरात माणसे राहतात, अधूनमधून नळ सुटतो आणि नवे पाणी येते, खालच्या खोल्यांची ऊब वर चढते, तिथे फोम रात्र निभावून नेतो. पाच आठवडे थंड पडलेल्या घरात तो गोठणे फक्त काही तास पुढे ढकलतो. म्हणून फोम हवाच, पण फोमच्या भरवशावर घर सोडता कामा नये. जावयांनी एकदा विजेरी घेऊन पोटमाळ्यावर चढावे आणि वळणे, सांधे, व्हॉल्व्ह व पाईप भिंतीतून शिरतो ती जागा पाहावी. लांब सरळ पाईप कोणीही गुंडाळतो, उघडे राहतात ते कोपरे. वारा येणाऱ्या फटी पाईपाजवळ असतील तर त्या बुजवाव्यात.

पोटमाळ्याची आणखी एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये घराची ऊब टिकावी म्हणून छताच्या वरच्या बाजूला, पोटमाळ्याच्या जमिनीवर, लोकरीसारखे जाड थर अंथरतात. त्यामुळे खालच्या खोल्या उबदार राहतात आणि गॅस वाचतो. पण खालची ऊब वर जायची थांबल्यामुळे पोटमाळा पूर्वीपेक्षा अधिक गार होतो. हे थर जितके जाड, तितके माळ्यावरचे पाईप धोक्यात. जुन्या घरात माळ्यावर थंड पाण्याची टाकी असते. तिला वरून आणि चारी बाजूंनी आच्छादन हवे, पण टाकीच्या बरोबर खाली थर घालू नये. खोलीची ऊब तिथून टाकीच्या बुडाला लागली पाहिजे. कडाक्याच्या थंडीत माळ्याचे झाकण किंचित उघडे ठेवण्याचा सल्ला तिथे देतात तोही याच कारणाने.

इथे आपण विचाराल की इतका थंड देश असून घरे अशी कशी बांधली? खरे तर इंग्लंडचा दक्षिण भाग फारसा थंड नाही. बहुतेक रात्री पारा शून्याच्या वरच राहतो, आणि घोटाळा होतो तो त्यामुळेच. ज्या मुलखात दर वर्षी नेमाने पाणी गोठते, तिथे लोक पाईप बाहेरच्या भिंतीत किंवा माळ्यावर घालतच नाहीत. लेहमध्ये तर अनेक घरमालक हिवाळा तोंडावर आला की नळाच्या लाईन सरळ रिकाम्या करून टाकतात. फजिती होते ती क्वचित गोठणाऱ्या मुलखांची. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात तेच झाले. एरवी उन्हाने त्रासलेला तो प्रांत काही दिवस गारठला, वीजही गेली, आणि माळ्यांवरचे पाईप घरोघर फुटले. स्विंडनमध्ये चार हिवाळे सुखाने जातील आणि पाचव्यात आठवडाभर पूर्वेकडचा वारा सुटेल, जसा फेब्रुवारी-मार्च २०१८ मध्ये सुटला होता. कोणता हिवाळा तसा निघेल ते तिकीट काढताना कळत नाही.

आता प्रत्यक्ष करायच्या कामाकडे येतो. निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर निदान पंधरा दिवस आधी मुलीने घरातला स्टॉपकॉक, म्हणजे वर म्हटलेला पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह, शोधावा. बहुतेक इंग्रजी घरांत तो स्वयंपाकघरातल्या सिंकच्या खाली, भांडी घासायच्या साबणांच्या मागे दडलेला असतो. उजवीकडे फिरवला की बंद होतो. वर्षानुवर्षे हात न लागल्यामुळे तो जाम झालेला असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून तर पंधरा दिवस आधी म्हटले. पान्याने जोर केला तर तोच तुटायचा, त्यापेक्षा प्लंबर बोलवावा. सैल झाल्यावर पूर्ण उघडून पाव फेरा मागे घेऊन ठेवावा, म्हणजे पुन्हा अडकत नाही. निघायच्या दिवशी, शेवटचा चहा होऊन कपबशा धुतल्या की तो बंद करावा, वरच्या मजल्यावरचे आणि खालचे सगळे नळ, थंड आणि गरम दोन्ही, सोडून द्यावेत आणि संडासाच्या टाक्या ओढून रिकाम्या कराव्यात. नळांची धार बारीक होत होत थांबेल. त्यानंतर नळ उघडेच ठेवावेत आणि सिंकची बुचे काढून ठेवावीत, म्हणजे स्टॉपकॉक थोडा गळका निघाला तरी पाणी मोरीत जाईल. मागच्या अंगणात बागेसाठी नळ असेल तर त्याचा आतला व्हॉल्व्ह आधी बंद करून मग बाहेरचा नळ उघडा सोडावा आणि रबरी पाईप काढून आत ठेवावा. भरलेला रबरी पाईप नळाला तसाच लटकत ठेवणे ही तिथली फार सामान्य चूक आहे.

पाणी बंद केल्यावर हीटिंग कसे चालेल, अशी शंका कदाचित जावयांना येईल. तिथल्या हीटिंगमध्ये गॅसवरचा बॉयलर पाणी तापवतो आणि ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांतून, म्हणजे भिंतीलगतच्या पोकळ पत्र्यांतून, फिरून खोल्या उबवते. हे पाणी नळाच्या पाण्यापासून वेगळे, आपल्याच चक्रात फिरणारे असते. घरात कॉम्बी बॉयलर, म्हणजे माळ्यावर टाकी न लागणारा आणि नळाचे पाणीही स्वतःच तापवणारा बॉयलर, असेल तर स्टॉपकॉक बंद असतानाही तो रेडिएटर तापवत राहतो. ते चक्र मात्र रिकामे करायचे नाही, आणि म्हणूनच बॉयलर चालू हवा, कारण थंडीत गोठायला तेही पाणीच आहे. बहुतेक नव्या बॉयलरांत आतले पाणी फार गार झाले की आपोआप पेटण्याची सोय असते. मुलीने निघताना भिंतीवरचे बटण किंवा गॅस बंद केला तर ती सोय मेलीच. गरम पाण्याचे वेगळे सिलिंडर असेल तर त्यातला विजेचा हीटर तेवढा बंद करावा.

थर्मोस्टॅट, म्हणजे घराचे तापमान ठरवणारे बटण, किती अंशांवर ठेवावा? माझा सल्ला बारा ते पंधराच्या दरम्यान, आणि दिवसरात्र. सकाळ-संध्याकाळ तास-दोन तास चालवून रात्री बंद करण्याची नेहमीची वेळ घालून ठेवू नये, कारण घर सर्वांत गार होते ते पहाटे. खोल्यांची दारे आणि सिंकखालच्या कपाटांची दारेही उघडी ठेवावीत. खर्चाचा हिशेब गुरुजी आपणच मुलीला करून दाखवा : घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर पाच अंश आणि आत वीस असताना फरक पंधराचा. आत बारा ठेवले तर फरक सातचा. म्हणजे रोजच्या गॅसच्या निम्म्याहूनही कमी, आणि स्वयंपाक, अंघोळी, धुणे यांचा खर्च शून्य. एका नव्या छताच्या बिलापुढे हे पैसे किती, हा विचार तिचा तिने करावा.

बॉयलरच्याच संदर्भात एक छोटी पांढरी प्लास्टिकची नळी तपासायला सांगा. नव्या पद्धतीच्या बॉयलरातून थेंबथेंब आम्लयुक्त पाणी बाहेर पडते आणि ते वाहून नेणारी ही नळी पुष्कळदा भिंतीबाहेरून जाते. ती गोठली की बॉयलर गुरगुरतो आणि स्वतःच बंद पडतो. म्हणजे नेमकी कडाक्याची थंडी पडते त्या रात्री घराची ऊब जाते. माझ्या मते बंद घराच्या बाबतीत हा सर्वांत दुर्लक्षित कच्चा दुवा आहे. बाहेरचा भाग शक्य तितका आखूड, जाड व्यासाचा आणि पावसात न भिजणाऱ्या फोमने झाकलेला असावा. पाणी बंद करून नळ रिकामे करण्याचा आग्रह मी धरतो तो याचसाठी, की हीटिंगने दगा दिला तरी फुटायला नळांत फारसे पाणीच नसावे.

नळ थेंबथेंब गळत ठेवण्याचा उपाय आपल्या कानावर आला असेल. घरात माणूस असताना एका रात्रीपुरता तो चालतो, कारण उघड्या नळामुळे कोंडलेल्या पाण्याचा दाब सुटतो. बंद घरात पाच आठवडे नळ गळत ठेवणे हा वेडेपणा आहे. मोरीचा पाईप गोठला तर तेच थेंब सिंक भरून जमिनीवर येतील.

किल्ली कोणाकडे तरी द्यावीच लागेल. स्विंडनमध्ये गोंयकारांची वस्ती मोठी आहे, तेव्हा आपला एखादा माणूस सापडायला अडचण पडू नये. त्याने चार-पाच दिवसांनी एक फेरी मारून घर उबदार आहे ना आणि छतावर कुठे डाग नाही ना एवढे पाहावे. त्याला स्टॉपकॉक प्रत्यक्ष दाखवून ठेवावा, फोनवर वर्णन करून नव्हे. एखादा पाईप गोठलेला आढळलाच तर तो वितळवायच्या आधी स्टॉपकॉक बंद असल्याची खात्री करावी, नळ उघडावा आणि नळाच्या बाजूने सुरुवात करून केस वाळवायच्या यंत्राने किंवा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने हळूहळू मागे जावे. मेणबत्ती, स्टोव्ह, गॅसची ज्योत अजिबात नको. दरवर्षी कोणीतरी पाईप वाचवायला जाऊन छप्पर जाळते.

विम्याची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे, पण ती पहिल्यांदा करायला सांगा. तिथल्या बहुतेक घरविम्यांत घर सलग ३० दिवसांहून अधिक रिकामे राहिले तर पाण्याने झालेल्या नुकसानीची भरपाई बंद होते किंवा कमी होते, काहींत ही मुदत ६० दिवसांची असते. पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस. शिवाय हिवाळ्यात हीटिंग अमुक अंशांवर ठेवावे किंवा नळ रिकामे करावेत, अशीही अट काही ठिकाणी असते. तसा आकडा लिहिलेला असेल तर माझे बारा-पंधरा बाजूला ठेवून तोच पाळावा. कंपनीला आधी कळवून मुदत वाढवून घेता येते का ते लेखी विचारावे.

परत गेल्यावर आधी सगळे नळ बंद करून मगच स्टॉपकॉक उघडावा आणि तोही हळूहळू, एकाने खाली हात ठेवून आणि दुसऱ्याने वरच्या मजल्यावर कान देऊन. कुठे सुरसुर ऐकू आली नाही तर प्रत्येक नळ काही मिनिटे सोडून पाईपातले शिळे पाणी जाऊ द्यावे.

आपल्या पत्रावरून त्यांच्या माळ्यावर टाकी आहे की कॉम्बी बॉयलर आहे, ते कळत नाही. टाकी असेल तर हीटिंगचे चक्र माळ्यावरच्याच एका लहान टाकीतून भरले जात असण्याची शक्यता आहे आणि मग तिचाही बंदोबस्त पाहावा लागेल. जावयांकडून बॉयलरचा आणि माळ्याचा एकेक फोटो मागवून पाठवलात तर पुढच्या पंधरवड्यात त्यापुरते लिहीन.